वयनीचं भुयार

अंजलीचा आवाज चढला की यशोधराच्या हातची भाकरी जाड व्हायची. सासूच्या हे लक्षात आलं होतं. "आजबी जाडच झाली गं," मालनबाई ताटात तुकडा मोडताना म्हणायच्या, आणि यशोधरा पिठाला बोल लावायची. ज्वारीचं पीठ जुनं झालं, विरी गेली त्याची, चिकटपणाच राहिला नाही. पिठात काही खोट नव्हती. खोट पलीकडच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून बसलेली असायची.

अंजली म्हणजे यशोधराची धाकटी नणंद. चौसाळ्याहून रोज एसटीनं बीडला कॉलेजला जायची, दुपार कलली की परतायची, हातपाय धुवायची, कानाला हेडफोन लावायची, आणि फोन आडवा धरून भिंतीला टेकायची. मग घरभर तिचा आवाज घुमायचा.

"डावीकडं बघ! वरच्या खिडकीत हाय एक! अगं बस खाली, बस! आता निघ, मी हाय माघं!"

पाच जणींची टीम होती. एक लातूरची, एक नांदेडची, बाकीच्याही अशाच कुठल्या कुठल्या. एकमेकींना समोरासमोर कधी पाहिलेलं नव्हतं, पण अंजलीनं "पळ" म्हटलं की नांदेडची पळायची. अंजली त्यांची कॅप्टन होती. बंदुकीचा खेळ, सगळा फोनवर. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धा व्हायच्या, आणि जिंकत गेलं तर पुण्याला मोठ्या हॉलमध्ये बसून खेळायला मिळायचं.

मालनबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचं कौतुक मात्र भारी. शेजारच्या सारजाबाई ओट्यावरून हाक मारायला लागल्या की मालनबाई ओठांवर बोट ठेवायच्या. "हळू बोला बाई. पोरगी खेळायली." मग वाटीत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेऊन पाय न वाजवता पलंगापाशी ठेवून यायच्या.

ती वाटी यशोधराच्या डोळ्यांत खुपायची. शेंगदाण्यांचं तिला काही वाटत नव्हतं. सासूनं तिलाही कधी काही कमी केलं नव्हतं. यशोधराची लेक वसतिगृहात राहून शिकत होती, नवरा समाधान वीज कंपनीत लाइनमन होता, आणि ती स्वतः हायवेलगतच्या एका क्लासमध्ये पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवत होती. दिसायला सगळं बरं चाललं होतं. पण अंजली ओरडली की तिला वाटायचं, कुणीतरी आपलीच साडी नेसून आपल्यासमोरून मिरवत चाललंय.

कारण चौसाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, की एके काळी बीडमध्ये यशोधराच्या नेमाला तोड नव्हती.

तिचं माहेर बीडचं. थोरला भाऊ सौरभ, त्यानं बसस्टँडजवळ सायबर कॅफे टाकला होता. बारकी खोली, सहा कॉम्प्युटर, आणि दाराजवळ प्लायवूडची आडभिंत घालून केलेलं काउंटर. काउंटरवरही एक कॉम्प्युटर होता. पोरं ईमेल बघायला म्हणून यायची आणि तासन् तास बंदुकीचे खेळ खेळत बसायची. त्यातला एक सगळ्यांचा लाडका. डब्यावरचं नाव इंग्रजीत काही का असेना, पोरांनी त्याचं बारसं 'भुयार' असंच केलं होतं. जमिनीखालचा एक जुना किल्ला, त्यात अंधारे बोळ, दगडी जिने, रंगीबेरंगी चाव्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दबा धरून बसलेले शिपाई. दरवाजा करकरत उघडला की सगळी खोली श्वास रोखून बघायची. भिंतीवर मशालीचा उजेड हलायचा, माणसांच्या तोंडाला नाक-डोळे दिसायचे. तेवढं खरं वाटणारं काही बीडमध्ये तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

यशोधरा कॉलेज सुटल्यावर डबा द्यायला जायची. सौरभ जेवायला बसला की ती काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसायची. आधी नुसतं बघणं, मग थोडं खेळणं, आणि वर्षभरात अशी वेळ आली की सौरभच म्हणायला लागला, "यशे, आज ते कॉलनीवाले आलेत. तूच बस."

सहा पोरं आपापल्या जागी, आणि सातवा खेळाडू काउंटरवर. पडद्यावर त्याचं नाव नुसतं 'काउंटर'. आडभिंतीमागं कोण आहे हे पोरांना दिसत नसे. माऊस यशोधराच्या हातात असायचा, आणि शेजारी बसलेला सौरभ ओरडायचा, "कसा मारला! बोल, कसा मारला!" यशोधरा तोंडातून हूं की चूं काढायची नाही. पोरगी खेळते हे कळलं असतं तर वडिलांनी तिचं तिकडं जाणंच बंद केलं असतं, आणि पोरांनी काय काय बोलून दाखवलं असतं ते वेगळंच. ती दात आवळून, श्वास धरून खेळायची आणि जिंकायची. मग पोरं आडभिंतीवर थाप मारून म्हणायची, "सौरभदा, मान गये!"

पुढं तिचं लग्न झालं. हातोहाती फोन आले आणि कॅफे बंद पडला. त्याच गाळ्यात सौरभनं बूट-चपलांचं दुकान मांडलं.

हे सगळं यशोधरा विसरूनही गेली असती, पण अंजली रोज चार भिंती दणाणून सोडत होती. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात. आणि वर शेंगदाणे.

यशोधरा थेट काही बोलत नसे. बोलायची ती खेळाबद्दल.

"ह्यात काय हाय एवढं?" एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "कुठं जायचं ते नकाशात दाखवतंय. गोळी कुठनं आली ते बाण दाखवतंय. मेलं की आपोआप पुन्हा उभं. आमच्या वेळचे खेळ खेळून बघ, घाम फुटंल."

अंजलीनं हेडफोन खाली ओढला. "तुमी खेळायच्या, वयनी?"

"बघायचे," यशोधरा म्हणाली. जिभेवर आलेलं तिनं गिळलं. "दादाचा कॅफे होता ना."

"मग दाखवा की एकदा. खरंच दाखवा."

अंजलीच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आणि यशोधराला तेच जास्त लागलं. तिनं मनाशी ठरवलं. दाखवायचंच. ह्या पोरीला भुयारात सोडायचं आणि तिची त्रेधा बघायची.

पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेली तेव्हा दुकानात जाऊन तिनं सौरभकडं जुने खेळ मागितले. त्यानं माळ्यावरून एक खोकं काढलं, त्यात धुळीनं माखलेली हार्ड डिस्क, वरच्या चिठ्ठीवर 'भुयार' असं लिहिलेली. ती पुसत असतानाच दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पोट सुटलेला, केस विरळ झालेला माणूस. यशोधरानं ओळखलं. हरिओम. कॉलनीवाल्यांच्यातला सगळ्यात तरबेज पोरगा. कैकदा तिनं त्याला जिन्याच्या खालून टिपला होता.

"हे काय, भुयार!" हरिओम डिस्क बघून हरखला. "सौरभदा, काय दिवस होते राव. तुमच्यासारखा नेम पुन्हा कुणाचा बघितला न्हाई. मी पोराला सांगत असतो, आमच्या बीडात एक काउंटरवाला होता म्हणून."

सौरभ हसला. बहिणीकडं एकदा ओझरतं बघितलं, आणि म्हणाला, "व्हायचं तसं तेव्हा. वयच तसं होतं." मग तो खोक्यातून सँडल काढून हरिओमला साइज विचारायला लागला.

यशोधरा डिस्क पिशवीत टाकून बाहेर पडली. एसटीत खिडकीशी बसून सगळी वाट ती तेच उगाळत राहिली. नणंदेला कौतुक नावावर मिळत होतं, भावाला फुकट मिळत होतं, आणि मधल्या मधे ती कोरडीच्या कोरडी.

रविवारी क्लासला सुट्टी होती. चावी यशोधराकडंच असायची. दुपारी दोघी क्लासमध्ये गेल्या. यशोधरानं आदल्या दिवशीच खटपट करून डिस्कवरचे दोन खेळ दोन जुन्या कॉम्प्युटरवर चालते करून ठेवले होते. एक भुयार. दुसरा तिच्या लेखी पोरकट खेळ, ज्याला पोरं 'रॉकेट' म्हणायची. त्यात ना धड माणसं ना धड जागा, लाल-हिरवी भुतं आणि नुसती पळापळ. यशोधरा कॅफेत कधी त्याच्या नादी लागली नव्हती. डिस्कवर होता म्हणून आला बरोबर.

भुयार सुरू झालं. तेच संगीत, तोच करकरणारा दरवाजा. यशोधराच्या अंगावर काटा आला. तिनं अंजलीकडं पाहिलं. अंजली डोळे बारीक करून पडद्याजवळ सरकली होती.

"काही दिसंना, वयनी. समदं तपकिरी हाय."

"अंधार हाय तो. भुयार हाय ना."

"अंधार न्हाई, चिखल वाटायला." अंजलीनं चालायला सुरुवात केली. पावलागणिक पडदा वरखाली हलत होता. समोर बोळ, त्याच्या टोकाला बोळ, पुन्हा तसाच बोळ. सगळ्या भिंती एकसारख्या. कोपऱ्यावरून एकदम शिपाई आला, अंजली मेली, आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला.

"पहिल्यापासून कावून?" अंजली चकित झाली. "मी एवढं आलते की."

"तसंच असतं. तो शिपाई तिथं असतो हे ध्यानात ठेवायचं."

"म्हंजे आधी मरायचं आणि मग शिकायचं?"

दुसऱ्या खेपेला ती शिपायापर्यंत पोचली, त्याला मारलं, आणि पुढं कुलूप लागलेलं दार आलं. निळी चावी पाहिजे. चावी कुठं ते कुणी सांगत नाही. अंजली शोधत राहिली. मध्येच एक कैदी सुटून तिच्याबरोबर चालायला लागला. त्याला जिवंत बाहेर काढायचं होतं, आणि तो दर दहा पावलांवर भिंतीत तोंड घालून उभा राहात होता. ज्या चेहऱ्याकडं बघून सगळा कॅफे थक्क व्हायचा, तो चेहरा आता पुठ्ठ्याच्या खोक्यावर चिकटवलेल्या फोटोसारखा दिसत होता. अंजलीला हसू आवरेना. हसता हसता तिनं कपाळ धरलं.

"वयनी, मला गरगरायलं. तुमीच दाखवा बरं चावी."

यशोधरा ह्याच क्षणाची वाट पाहात होती. ती खुर्चीत बसली, पाठ ताठ केली, माऊस धरला. पहिला बोळ, डावं वळण, जिना, विहिरीची खोली. हे तिला झोपेतही आलं असतं. पण विहिरीच्या खोलीनंतर दुसरा जिना यायला पाहिजे होता, तिथं भिंत होती. ती मागं फिरली. पुन्हा विहीर. उजवीकडं गेली, बोळ, बोळ, आणि पुन्हा विहीर. तिला वाटलं दुसऱ्या लेव्हलचं ह्या लेव्हलमध्ये मिसळलं की काय. दगडाच्या कुठल्याशा खुणेवरून जायचं असतं, एवढं आठवत होतं. खूण आठवत नव्हती. तिच्या बोटांना घाम सुटला. मागून अंजलीच्या फोनची टिकटिक ऐकू आली. ती मेसेज बघत बसली होती.

हरले असते तर बरं झालं असतं, यशोधराला वाटलं. हरलेल्याकडं कुणी निदान बघतं तरी.

"राहू दे," ती उठत म्हणाली. "लई वर्षं झाली."

"आणि हा दुसरा कसला हाय?" अंजलीनं आपणच रॉकेट सुरू केला.

लाल भुतं, हिरवं आकाश, चौकोनी चौकोनी डोंगर. यशोधराला वाटलं, आता तर ही पोरगी उठूनच जाईल. पण अंजली पुढं सरकली. खेळ सुरू होताच तिचा माणूस वाऱ्यासारखा पळायला लागला. जिकडं माऊस वळवावा तिकडं तो त्याच क्षणी वळत होता. लाल भूत दिसलं, गोळी सुटली, भूत पडलं. दार दुरून दिसत होतं, कारण ते पिवळंधमक होतं. मेली तर लगेच तिथंच जवळपास उभी.

"आयशपथ, हे भारी हाय!" अंजली ओरडली. "वयनी, हे किती जुनं हाय? हे तर आजबी खेळंल कुणीबी."

"ते पोरकट हाय."

"असू द्या की. धरल्याबरोबर हातात बसतंय. तुमच्या भुयाराला नुसता थाट लई, आत खेळायलाच न्हाई काही."

मग दोघी शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर बसून रॉकेटमध्ये एकमेकींविरुद्ध खेळल्या. माऊसची सवय नसल्यामुळं अंजली पहिल्यांदा हरली. घड्याळात तास व्हायच्या आत तिचा हात बसला. त्यानंतर यशोधरा एकदाही जिंकली नाही. तिला दबा धरून बसायची सवय, आणि ह्या खेळात दबा धरायला कोपराच नव्हता. अंजली वरून यायची, मागून यायची, हसत यायची.

घरी परतताना अंजली पुढं पुढं बडबडत चालली होती. यशोधरा मागून चालत होती आणि मनातल्या मनात भुयाराची बाजू मांडायचा प्रयत्न करत होती. ती मांडता येईना. त्या काळी पडद्यावरचं दार उघडतं हेच एवढं मोठं अप्रूप होतं, की त्यापायी कसलाही जाच सोसायला ते सगळे तयार होते. आता दार उघडण्याचं कुणाला काही वाटत नाही. मग उरला तो नुसता जाच. चावी शोधत भटकण्यालाच आपण खेळ म्हणत होतो. आणि ज्याला आपण नेम म्हणत होतो ते होतं पाठांतर. सहाही पोरांच्या आधी कुठला कोपरा कुठं आहे ते आपल्याला पाठ होतं, इतकंच. रॉकेटला मात्र थाट करायचाच नव्हता. त्यानं पळणं आणि मारणं तेवढं सरळ ठेवलं, म्हणून ते तसंच टिकलं.

हे तिला पटत होतं आणि पटत होतं म्हणूनच जास्त जळत होतं. निदान आपला खेळ तरी मोठा होता, एवढी एक गोष्ट तिनं आतल्या आत जपून ठेवली होती. अंजलीनं एका दुपारीत तीही काढून नेली. वर दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मैत्रिणींना सांगितलं, आमच्या वयनीकडं एक लई भारी जुना खेळ हाय. रॉकेट.

त्यानंतर पंधरवड्यानं विभागाचे सामने आले. तीन सामने होते, रोज दुपारी एकेक. पहिला अंजलीच्या टीमनं जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी समाधान डबा पिशवीत घालताना म्हणाला, "आज दुपारी आपलं फीडर बंद ठेवणार हाय. तारा बदलायच्यात. चारपर्यंत लाइट न्हाई यायची. अंजीला सांग तेवढं, तिची मॅच हाय म्हणत होती."

अंजली तेव्हा न्हाणीत होती. "सांगते," यशोधरा म्हणाली.

घरात इन्व्हर्टर नव्हता. फोनला आत रेंज धड नसायची, म्हणून अंजली वायफायवर खेळायची. तिला कळलं असतं तर ती सकाळच्या गाडीनंच बीडला मैत्रिणीकडं गेली असती. सामन्याचा दिवस म्हणून तिनं कॉलेज बुडवलं होतं आणि केस पुसत ती स्वयंपाकघरात आली. "वयनी, च्या हाय का?"

यशोधरानं तिला चहा ओतून दिला. सांगायचं वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात मालनबाई म्हणाल्या, "यशोधरा, आज तिला जरा शिरा कर. पोरीच्या मॅचचा दिस हाय." यशोधरानं रवा भाजायला घेतला. रवा खमंग भाजला, शिरा केला, वेलदोडा घातला, अंजलीला वाढला. बोलली काही नाही. मग साडी नीटनेटकी केली आणि क्लासला निघून गेली.

दुपारी क्लासमधले पंखे थांबले तेव्हा पोरापोरींनी कुरकुर केली. यशोधरा खुर्चीत बसून राहिली. तिला आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. घोटभर. मग ती घड्याळाकडं बघत चार वाजायची वाट पाहायला लागली.

संध्याकाळी घरात शिरताच तिला कळलं. अंजली पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. सामना अर्ध्यात असताना वायफाय गेलं. ती फोन घेऊन गच्चीत पळाली, रेंज मिळेपर्यंत बाकीच्या चौघी कॅप्टनशिवाय खेळून हरल्या होत्या.

समाधान आला, त्यानं विचारलं, आणि ऐकून चप्पल काढता काढता थांबला. "पर मी सकाळीच सांगितलंतं की. यशोधरा, तू सांगितलं न्हाईस?"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या.

"विसरले," यशोधरा म्हणाली. "शिऱ्याच्या गडबडीत डोक्यातनंच गेलं."

"व्हतं असं," मालनबाई हळूच म्हणाल्या. "घरात काम काय थोडं असतं का."

अंजली उठून बसली. तिचे डोळे सुजले होते. "वयनी, तुमी काहीच विसरत न्हाईत," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

तिसरा सामना त्यांनी बीडहून खेळून जिंकला आणि टीम कशीबशी पुण्याच्या यादीत शेवटच्या जागी बसली. पण मधल्या पराभवावरून टीममध्ये बोलाचाली झाली. सामन्यात गायब होणारी कॅप्टन नको, असं एकीनं म्हटलं, आणि बाकीच्यांनी मान हलवली. कॅप्टन लातूरची वर्षाराणी झाली. घरात आता "पळ, बस, निघ" ऐकू येईना. अंजली खेळायची, पण "हो", "हां", "आले" एवढंच बोलायची. भाकरी पातळ व्हायला काहीच हरकत नव्हती. ती आणखी जाड व्हायला लागली. मालनबाई आता त्यावर काही बोलत नव्हत्या. सुनेशीच त्या फारसं बोलत नव्हत्या.

एका सकाळी जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळा धुवायच्या निघाल्या. भिजलेली वाकळ एकटीला पिळता येत नाही. मालनबाई बुद्धविहारात गेल्या होत्या, म्हणून अंजलीलाच दुसरं टोक धरावं लागलं. एकीनं एका बाजूला पीळ दिला, दुसरीनं दुसऱ्या. पाणी धारेनं फरशीवर पडत होतं.

"मी विसरले नव्हते," यशोधरा म्हणाली.

अंजलीनं पीळ सैल केला नाही. "मला ठावं हाय ते. कावून केलं तेवढं सांगा."

मग यशोधरानं सांगितलं. कॅफे, आडभिंत, दात आवळून खेळणं, सौरभच्या नावानं पडलेल्या थापा, दुकानातला हरिओम. शेवटी म्हणाली, "तू ओरडायला लागलीस ना, की माझ्या पोटात आग पडते. तुझं सगळं उघड्यावर. आई वाटी आणून देती. मला तुझा हेवा वाटतो, अंजली. खोटं कशाला बोलू."

तिला वाटलं होतं, अंजली विरघळेल. अंजलीनं वाकळ टोपल्यात आदळली.

"तुमाला कुणी खेळू दिलं न्हाई, त्यात माझा काय गुन्हा?" तिचा आवाज पूर्वीसारखा चढला. "तुमच्या भावाला गाठायचं ना. त्या हरिओमला तोंडावर सांगायचं. त्यांच्यापुढं गप बसला, आणि मला बरं पाण्यात बघितलं. वर्षाराणी आता मला शिकवती, कुठं उभं राहायचं ते."

 यशोधरानं दुसरी वाकळ उचलली आणि एक टोक पुढं केलं.  अंजलीनं टोक धरलं, कारण वाकळ जड होती.

पुण्याला जायच्या दिवशी यशोधरानं तिला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अंजलीनं डबा घेतला, "येते" म्हणाली, आईच्या पाया पडली, आणि वयनीच्या पाया न पडता जीपमध्ये बसली.

सामना फोनवर बघता येत होता. समाधाननं तो टीव्हीला जोडून दिला आणि कामावर गेला. मालनबाई समोर बसल्या, सारजाबाईही आल्या. पडद्यावर डोंगर, घरं, धूर, आणि इकडंतिकडं पळणारी बारकी बारकी माणसं. मालनबाईंनी थोडा वेळ डोळे ताणून पाहिलं. मग बऱ्याच दिवसांनी त्या सुनेकडं वळल्या.

"ह्यात आपली कोणती गं?"

"ती," यशोधरानं बोट दाखवलं. "दारातनं निघायच्या आधी थांबती ना, ती."

"आणि ती पळायली ती?"

"वर्षाराणी. ती आता वरच्या मजल्यावर जाईल. तिकडनं रस्ता दिसतो. आपल्या अंजीला पाठ राखायला ठेवलीय." सांगता सांगता यशोधरा पुढं सरकली. "आता बघा आई, विहिरीमागं दोघं आहेत. त्यांना वाटतंय ही एकटीच हाय. ही जिंकंल. बघा, जिंकली."

सारजाबाईंनी टाळी वाजवली. मालनबाईंनी लेकीची दृष्ट काढत कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. हॉलमधला कॅमेरा क्षणभर अंजलीच्या चेहऱ्यावर गेला. मोठी खुर्ची, मोठे हेडफोन, मागं दिवे. यशोधराला पुन्हा ते खुपलं. तिनं ते खुपू दिलं आणि पडद्यावरून डोळे काढले नाहीत.

टीम सोळांत नववी आली. संध्याकाळी अंजलीचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर ती म्हणाली, "वयनीला दे."

यशोधरानं फोन कानाला लावला. पलीकडं गडबड होती, पोरींचं हसणं ऐकू येत होतं. मग अंजली बहुतेक बाहेर आली.

"बघितलं का तुमी?"

"बघितलं."

"शेवटच्याला मी मेले कशी? वर्षाराणी म्हणती नशीब."

"नशीब कसलं. तू त्या घरातनं दोनदा एकाच दारानं निघालीस. दुसऱ्यांदा तो वाट बघतच बसला असणार."

 "हां," अंजली म्हणाली. "बराबर हाय." मग तिनं सांगितलं, इथं हॉटेलात पांढऱ्या चादरी हायत, गरम पाण्याला बटण हाय, आणि पोरींनी सगळ्या दशम्या संपवल्या.

"बरं झालं," यशोधरा म्हणाली. तिला पांढऱ्या चादरीचाही हेवा वाटला. तिनं फोन सासूकडं दिला आणि कणीक मळायला आत गेली, कारण आज मालनबाईंनी भाकरीऐवजी पोळ्या करायला सांगितल्या होत्या.